सल्ल्याचे पैसे कोण देतो?

वैद्याला आणि वकिलाला आपण मुकाट्यानें फी देतों. पण पैसे कोठें गुंतवावेत हें सांगणाऱ्याला फी कशाची, असें पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ म्हणतात. मीही तसेंच म्हणत असें. निवृत्तीची रक्कम हातीं आली तेव्हां एक विनयशील तरुण घरीं आला. सल्ल्याबद्दल त्यानें एक पैही घेतली नाहीं, आणि पंधरा दिवसांत मी मोठ्या हप्त्याच्या विमा पॉलिसीचा धनी झालों! पेन्शनीच्या वयांत तो हप्ता झेपेना. दोन हप्ते भरून ती सोडली. भरल्यापैकीं निम्मेही पैसे परत आले नाहींत. त्या तरुणावर माझा राग नाहीं. त्याचें पोट कंपनीच्या कमिशनवर होतें, आणि मीं तें विचारलेंच नव्हतें.

रोखेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’नें २०१३ सालीं गुंतवणूक सल्लागारांसाठीं नियम केले. नोंदलेला सल्लागार आपल्या अशिलाकडून फी घेतो. त्याच अशिलाला कमिशनवर योजना विकण्याची त्याला मनाई आहे. वितरकाचें याच्या उलट. त्याचें कमिशन म्युच्युअल फंड देतो खरा, पण तें निघतें आपल्याच गुंतवणुकींतून. २०१३ पासूनच फंडांच्या ‘डायरेक्ट’ व ‘रेग्युलर’ अशा दोन तऱ्हा मिळूं लागल्या. दुसरींत हें कमिशन मिसळलेलें असतें.

मास्तरची खोड म्हणून एक हिशेब सांगतों. दहा लाख रुपये दरसाल दर शेंकडा १० नें वाढले, तर २० वर्षांत सुमारें ६७ लाख २७ हजार होतात. ९ नें वाढले, तर सुमारें ५६ लाख ४ हजार. एका टक्क्याचा फरक सव्वाअकरा लाखांच्या घरांत जातो! (बाजारांत असा ठरीव दर कोणी देत नाहीं; देतों म्हणेल त्याला दारांतूनच नमस्कार करावा.)

पुढें ‘सेबी’च्या यादींत नोंदणी क्रमांक ताडून पाहून मी एका सल्लागाराकडे गेलों. दोन तास त्यानें कोणत्याही योजनेचें नांव काढलें नाहीं. घरखर्च किती, कर्ज आहे काय, आजारपणाची तजवीज काय, हेंच तो विचारीत होता. शेवटीं म्हणाला, “बँकेच्या खात्यावर पत्नीचें नांव आहे ना?” तें नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं आम्ही दोघें बँकेंत गेलों.