मत्स्यसंख्येचा अंदाज, पकड व विक्रीच्या नोंदींवरून
पाण्यातील मासे प्रत्यक्ष मोजता येत नाहीत. म्हणून जाळ्यांतून निघालेल्या व बाजारात विकल्या गेलेल्या मासळीच्या नोंदींवरून जलाशयातील साठ्याचे गणित करतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील मासेमारी गोदावरी, मांजरा, मन्याड इ. नद्यांवरील जलाशयांत व तलावांत चालते. मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली जलाशयात सोडतात. साठ्याचा अंदाज चुकल्यास बीज व ठेका या दोहोंचा खर्च अखेर सभासदांच्या अंगावर येतो.

विक्रीच्या पट्टीवर वजन व दर असतात. परंतु वजन वाढले म्हणजे मासे वाढले, असे नव्हे. जाळी दुप्पट टाकली तरीही वजन वाढते. यासाठी पकडीला श्रमाने भागून ‘एकक प्रयत्नामागील पकड’ काढतात. समजा, हंगामारंभी एका जाळ्यामागे ४ किग्रॅ. मासळी मिळाली आणि एकूण २,००० किग्रॅ. काढल्यावर तेवढ्याच जाळ्याला ३ किग्रॅ. मिळू लागली. एक चतुर्थांश घट २,००० किग्रॅ.मुळे झाली, म्हणून मूळचा साठा ८,००० किग्रॅ. व शिल्लक ६,००० किग्रॅ. ठरतो. ही रीत मुळात माशांसाठी नव्हे, तर उंदरांसाठी निघाली : लेस्ली व डेव्हिस यांनी १९३९ मध्ये सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथील उंदरांच्या गणनेसाठी ती वापरली. डेलुरी यांनी १९४७ मध्ये तिचा विस्तार केला.

दोन मापांच्या दरम्यान मासे बाहेर जाऊ नयेत, नवे येऊ नयेत व ते जाळ्यात सापडण्याची शक्यता बदलू नये, ही या रीतीची गृहीते होत. मराठवाड्यात तिन्ही डळमळीत असतात. नांदेडजवळील विष्णुपुरी बंधाऱ्याचे दरवाजे पावसाळ्यात उघडले की, पुराबरोबर मासेही निघून जातात. उन्हाळ्यात याउलट घडते. पाणी आटते, मासे उरलेल्या डोहात दाटतात आणि जाळ्यामागील पकड चढते; कागदावर साठा वाढलेला दिसतो, प्रत्यक्षात तो संपत आलेला असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले व शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षाची पट्टी पाणीपातळीच्या नोंदीशेजारी ठेवूनच वाचली पाहिजे. कॅनडातील न्यू फाउंडलंडच्या कॉड माशांबाबतही याच जातीची चूक झाली. थव्यांवर नेमके जाळे टाकणाऱ्या ट्रॉलरांची पकड टिकून राहिल्याने १९८० नंतरच्या दशकात साठा फुगवून मोजला गेला आणि १९९२ मध्ये तेथील मासेमारी बंद करावी लागली.

काठावर रोखीने विकलेली व घरी नेलेली मासळी पट्टीवर येत नाही. जाळ्याच्या आसाचे माप बदलल्यास लहान मासे कधी सापडतात, कधी निसटतात. म्हणून आसाचे माप व जाळ्यांची संख्याही पट्टीबरोबर नोंदवावी लागते. साचलेल्या पाण्यात वरील तीन जाती सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे त्यांच्या बाबतीत सोडलेल्या बोटुकलीची संख्या ही अंदाजाची कमाल मर्यादा मानता येते. स्वतः प्रजनन करणाऱ्या तिलापियाला मात्र ती लागू पडत नाही.