हाताने रंगवलेल्या लोकरीचं काय विणतात? आणि साक्रीच्या मेंढ्यांची लोकर त्यात का दिसत नाही?

धुळे जिल्ह्यात थंडी पडली की पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. घराघरातल्या विणकामाच्या सुया बाहेर निघतात आणि दुकानात 'लोकर' मागितली जाते. पण दुकानदार समोर ठेवतो ते रंगीत गुंडे बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे असतात. हा पेट्रोलियमपासून कारखान्यात तयार झालेला धागा, मेंढीशी त्याचा काहीही संबंध नाही. मराठीत मात्र दोघांनाही आपण लोकरच म्हणतो.

खरी लोकर साक्री तालुक्यातच आहे. इथल्या ठेलारी मेंढपाळांचे कळप पावसाळा संपला की चाऱ्यासाठी बाहेर पडतात, शेतात मेंढ्या बसवत मुक्काम करतात. या मेंढ्यांची लोकर ठराविक काळाने कातरावीच लागते. तिला भाव मात्र जवळपास नाही. दुसरीकडे, हाताने रंगवलेल्या मऊ लोकरीच्या १०० ग्रॅमच्या एका लडीसाठी हौशी लोक दोन हजार रुपयांच्या पुढे मोजतात. हा फरक का पडतो?

हाताने रंगवलेली म्हणजे नेमकं काय?

कारखान्यात धागा मोठ्या प्रमाणावर एकाच वेळी रंगतो, म्हणून एका लॉटमधला प्रत्येक गुंडा सारखा दिसतो. हाताने रंगवताना मोजक्या लड्या पातेल्यात भिजवतात आणि त्यावर रंग ओततात, शिंपडतात किंवा ब्रशने लावतात. एकाच लडीत गडद निळ्यापासून फिकट आकाशीपर्यंत छटा येतात. दोन लड्या तंतोतंत जुळत नाहीत आणि गंमत तीच असते.

लोकर म्हणजे केसांसारखंच केराटिन हे प्रथिन. थोडं व्हिनेगर किंवा लिंबूसत्व आणि मंद आच मिळाली की आम्लधर्मी रंग तिला घट्ट धरतात. काम नीट झालं तर शेवटी पातेल्यातलं पाणी जवळपास स्वच्छ दिसतं, कारण सगळा रंग धाग्यात गेलेला असतो. ॲक्रिलिकवर हे होत नाही. खाण्याचे अनेक रंगही लोकरीवर चांगले चढतात, पण तोच प्रयोग बाजारातल्या गुंड्यावर केला तर पहिल्याच धुण्यात रंग मोरीत जातो.

सगळ्यांत आवडते नमुने साधेच असतात

अशी लोकर हातात आली की नवशिक्यांना वाटतं, आता अवघड नक्षी करावी. अनुभवी हात उलट करतात. रंग आधीच इतके बोलत असतात की जाळीची किंवा वेण्यांची नक्षी त्यात हरवून जाते. म्हणून जगभर आवडते ठरलेले नमुने बघितले तर त्यात सुलट टाक्यांचीच चलती दिसते.

जर्मन डिझायनर मार्टिना बेम यांची २०१० ची 'हिचहायकर' ही तिरकी शाल याचं चांगलं उदाहरण. दोन्ही बाजूंनी फक्त सुलट टाके आणि एका कडेला करवतीसारखे ४२ दात. लोकर संपत आली की टाके बंद करायचे, शाल तिथेच पूर्ण. एक-दीड लडीच हाताशी असेल तर याहून सोयीचं काही नाही. केट गिल्बर्ट यांचा 'क्लापोती' हा स्टोल २००४ मध्ये 'निटी' या ऑनलाइन मासिकात आला. त्यात काही टाके मुद्दाम सोडून देतात, मग ते शिडीसारखे खालपर्यंत उसवत जातात. टाका सुटला की जीव वर-खाली होणाऱ्यांना हे पाप वाटेल, पण बहुरंगी धागा त्यात फार सुंदर खुलतो. अँड्रिया मॉवरी यांच्या २०१७ च्या 'फाइंड युअर फेड' शालीत सात वेगवेगळ्या लड्या एकीतून दुसरीत विरघळत जातात.

स्वेटर विणायचा असेल तर एक काळजी घ्यावी लागते. लडीतले रंग ठराविक अंतराने येत असल्यामुळे एकाच रंगाचा डाग पोटावर किंवा पाठीवर साचू शकतो. त्यावर जुना उपाय म्हणजे दोन लड्या घेऊन दर दोन ओळींनी धागा बदलणं. शिवाय सगळ्या लड्या एकदमच घ्याव्यात. नंतर तीच छटा मिळेल याची खात्री रंगवणाऱ्यालाही नसते.

मग साक्रीची लोकर का नाही?

पहिलं कारण तिचा पोत. विणकामासाठी नावाजलेल्या मेरिनो मेंढीच्या लोकरीची जाडी साधारण २४ मायक्रॉनच्या आत असते. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेले की त्वचेला टोचायला लागतात. दख्खनी मेंढीची लोकर त्याहून बरीच जाड आणि केसाळ आहे. बाळाचं टोपडं तिचं होणार नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

दुसरं कारण रंग. दख्खनी लोकर मुख्यतः काळी. काळ्यावर दुसरा रंग दिसत नाही. घोंगडीसाठी हीच तिची ताकद होती. रंगवायचा खर्च नाही, मळ दिसत नाही, वर चिंचोक्याची खळ दिली की पावसातही टिकते. पण स्वस्त ब्लँकेटं आणि प्लॅस्टिकचे कागद आले, घोंगड्यांची मागणी आटली आणि लोकरीचं गिऱ्हाईकच गेलं. आज राज्यात अनेक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, म्हणून लोकर टाकून दिली जाते. मेंढपाळाची कमाई मांस आणि खतावर येऊन थांबली आहे. २०२५ मध्ये फ्रान्सच्या आन्सी ॲनिमेशन महोत्सवात पुरस्कार मिळवणारा सुरेश एरियत यांचा 'देसी ऊन' हा लघुपट याच लोकरीबद्दल आहे.

मेंढ्यांच्या प्रदेशातल्या बायकांनी लोकर रंगवून जगभर विकल्याचं उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेमध्ये १९६८ साली ग्रामीण महिलांची 'मानोस देल उरुग्वे' ही सहकारी चळवळ सुरू झाली आणि तिच्या हाताने रंगवलेल्या लड्या आजही विकल्या जातात. पण त्या यशामागे मऊ लोकरीच्या मेंढ्याही होत्या. ते सोडून फक्त 'महिला बचत गट आणि ब्रँडिंग' एवढंच उचललं तर हाती फार काही लागणार नाही.

काय जमू शकेल?

कळपात करड्या, पांढऱ्या आणि ठिपकेदार मेंढ्याही असतात. कातरताना त्यांची लोकर काळ्यापासून वेगळी ठेवली, तरच रंगवण्याचा विचार करता येतो. एकदा सगळी एका ढिगात गेली की निवडणं परवडत नाही. पांढऱ्यावर रंग उजळ चढतो, करड्यावर तोच रंग खोल आणि मातकट येतो. अंगावर न घालण्याच्या वस्तूंना, म्हणजे बसायची आसनं, पिशव्या, उशांचे अभ्रे यांना जाडपणा अडचणीचा नाही, उलट फायद्याचा आहे. हाताने कातलेला जाड धागा सहा ते आठ मिलिमीटरच्या सुयांवर भराभर विणून होतो.

रंगही लांबून आणायला नकोत. खान्देशाला रंगाऱ्यांची परंपरा आहे. यावल तालुक्यातलं फैजपूर एकेकाळी निळीच्या आणि लाल रंगकामासाठी प्रसिद्ध होतं. लोकरीसाठी तर कांद्याची सालंही पुरतात. १०० ग्रॅम धुतलेल्या धाग्याला १० ते १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात मुरवायची, मग तेवढ्याच वजनाच्या कोरड्या सालांच्या गाळलेल्या काढ्यात तासभर मंद आचेवर ठेवायचं. पाणी खळखळून उकळू द्यायचं नाही, ढवळाढवळही नको, नाहीतर लोकरीचा गोळा होतो. भांडं आहे तसंच थंड होऊ द्यायचं. पिवळा-नारिंगी रंग येतो. डाळिंबाच्या सालीने मळकट पिवळा येतो, त्यात गंजक्या लोखंडाचं पाणी घातलं की करडा-हिरवट, आणि बाभळीच्या सालीने तपकिरी. कांद्याचा रंग सततच्या उन्हात फिका पडतो, म्हणून त्याचं आसन ओट्यावर नको, घरात टाकावं.