अंधाऱ्या खोलीतला टीव्ही

आमच्या आईची खोली घराच्या अगदी आत आहे. एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. भर दुपारीसुद्धा तिथे दिवा लावावा लागतो. मांडीचं हाड मोडल्यापासून आई बहुतेक वेळ त्याच खोलीत असते आणि टीव्ही हीच तिची सोबत. तिच्यासाठी मी दुकानात गेलो आणि मांडलेल्या संचांतला जो सर्वांत लखलखीत दिसला, तो ३२ इंची घेऊन आलो. आठवड्याभरात पाहतो, तर आई भिंतीकडे तोंड करून मालिका नुसती ऐकत होती! म्हणाली, "अरे, रात्रीचा प्रसंग आला की सगळी राख दिसते, आणि दिवसाचा आला की डोळ्यांत खुपतं."

चूक माझीच होती. दुकानात झगझगीत उजेड असतो आणि तिथले संचही मुद्दाम भडक करून ठेवलेले असतात. तिथे जो उजळ, तो नजरेत भरतो. अंधाऱ्या खोलीत मात्र आधी बघायचं ते वेगळंच : या टीव्हीचा काळा रंग किती काळा आहे?

काळा म्हणजे काळा, त्यात काय बघायचं, असं मलाही वाटायचं. पण आपण ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतो, तो खरं तर एलसीडीच असतो. मागे एलईडीचे दिवे जळत असतात आणि पुढे द्रव-स्फटिकांचा थर झडपांसारखं काम करतो. काळा दाखवायचा तेव्हा झडपा मिटतात, पण पूर्ण मिटत नाहीत. थोडा उजेड झिरपतोच. दिवाणखान्यात तो जाणवत नाही. अंधारात मात्र त्याचीच राख होते.

या झडपांचे दोन मुख्य प्रकार आहेत, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसमध्ये पांढरा हा काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो. व्हीएमध्ये तोच फरक तीन ते पाच हजारपट, म्हणजे काळा तितका गडद. व्हीएची खोड अशी, की बाजूने पाहिलं तर रंग फिके पडतात. घरातली माणसं खोलीभर पसरून बघत असतील तर आयपीएस बरा. पलंगावरून समोर बघायचं असेल तर डोळे मिटून व्हीए घ्यावा. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा अगदी काजळासारखा. पण माझं अंदाजपत्रक पंचवीस हजारांचं, तेव्हा तो विषय तिथेच संपला. नावातल्या साम्यामुळे क्यूएलईडीला मात्र त्याचा भाऊ समजू नका. तो एलसीडीच.

अडचण अशी, की यातलं काही बहुधा खोक्यावर छापलेलं नसतं आणि विक्रेत्यालाही ठाऊक नसतं. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' म्हणून लाखांचे आकडे दिलेले असतात, ते सोडून द्यावेत. दुसऱ्या खेपेला मी पेनड्राइव्हवर एक चित्र नेलं : पूर्ण काळं, मधे चार पांढरी अक्षरं. संच 'सिनेमा' मोडवर ठेवायला सांगितला आणि आईची जाड काळी शाल डोक्यावरून पडद्यापर्यंत ओढून घेतली, जुने फोटोग्राफर घेत तशी. दुकानातली पोरं हसली. पण त्या शालीखाली तीन संच राखाडी निघाले आणि एक खरोखर काळा. मग त्याच संचाकडे बाजूने पाहिलं. रंग फिके पडले, म्हणजे बहुधा व्हीए. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या कधीकधी वेगवेगळे पॅनेल बसवतात, म्हणून पैसे देण्याआधी बदलून देण्याच्या अटी विचाराव्यात.

आता आकार. आईचा पलंग पडद्यापासून आठ फुटांवर. एवढ्या अंतरावरून चांगल्या नजरेलाही पाऊण मिलिमीटरहून बारीक ठिपके सुटे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडीचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे फोर-केच्या चौपट ठिपक्यांचा आईला उपयोग शून्य. ते पैसे काळ्या रंगावर घालवलेले बरे. स्वस्त संचावरच्या 'एचडीआर'च्या शिक्क्यालाही फार भुलू नये. तो संच संकेत स्वीकारतो एवढाच बहुतेकदा त्याचा अर्थ. आणि मोठा घ्यायचा असेल, तर ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. लहान संचांवर तो आधीपासूनच १८ होता.

घरी आणल्यावर जुळवणी रात्रीच करावी, खोलीत नेहमी असतो तेवढ्याच उजेडात. आधी बॅकलाइट निम्म्याखाली आणावा. बऱ्याच संचांत 'ब्राइटनेस' हा काळ्यालाच हात घालतो, त्याला छेडू नये. रंगछटा 'वॉर्म' ठेवावी. दोन दिवस पिवळट वाटते, मग डोळे सरावतात. टीव्ही फार वर ठोकू नये. व्हीए खालून पाहिला तरी फिका पडतो, आणि मानेचे हाल होतात ते वेगळेच. वर लावावाच लागला तर पडदा थोडा खाली झुकवून घ्यावा. शिवाय टीव्हीच्या मागे, भिंतीवर उजेड पडेल असा एक मंद दिवा लावावा. डोळ्यांना आराम पडतो आणि काळा आणखी काळा भासतो.

आई आता पडद्याकडे तोंड करून असते. पहिला टीव्ही मी विकला नाही. तो दिवाणखान्यात लावलाय, खिडकीसमोर. तिथे तो झकास दिसतो.