पट्टे आणि ठिपके

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. व्हेल शार्क या जगातल्या सर्वांत मोठ्या माशाला त्याच कायद्याचं कवच मिळायला मात्र मे २००१ उजाडावं लागलं. भारतात एखाद्या माशाला असं संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ.

वाघाचं सूत्र सरळ होतं: जागा राखा. मेळघाटसह पहिले नऊ प्रकल्प, गाभा क्षेत्र, गस्त, गावांचं पुनर्वसन. तरीही २००५ पर्यंत राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पातले सगळे वाघ शिकाऱ्यांनी संपवले. पावलांच्या ठशांवरची मोजणी मागे पडली, कॅमेरे आले. २००६ मध्ये देशात १४११ वाघ होते; २०२२ च्या गणनेत किमान ३१६७ भरले.

माशाची जागा राखणार कशी? गुजरातेत वेरावळ-मांगरोळच्या किनाऱ्यावर कोळी त्याला मोठा गळ मारून वर पिंपं बांधत. ती ओढून थकला की काठावर आणत. यकृताचं तेल होड्यांना चोपडायला, मांस निर्यातीला. बंदी आली, पण समुद्रात पहारा कोण देणार? २००४ मध्ये रामकथाकार मोरारीबापूंनी किनाऱ्यावर सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. ते कोळ्यांना पटलं. तेव्हापासून गुजरातेत नऊशेहून अधिक व्हेल शार्क जाळी कापून सोडले गेले. कोळी सुरी काढतो तेव्हा महागडं जाळं आणि त्या दिवसाची कमाई दोन्ही पाण्यात जातात. म्हणूनच भरपाई आली. महाराष्ट्रानेही २०१८ पासून कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत देऊ केली.

ओळख पटवण्याची रीत दोघांची सारखीच. वाघ पट्ट्यांवरून, मासा ठिपक्यांवरून. ठिपके जुळवणारी संगणकीय पद्धत तर खगोलशास्त्रज्ञांच्या तारे जुळवण्यावरून घेतलेली. पण वाघांचा आकडा दर चार वर्षांनी जाहीर होतो. माशाच्या बाबतीत मोजता येतात ते फक्त सोडलेले.

आज चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या बाजूला, कितीतरी वाघ अभयारण्याबाहेर, धानाच्या बांधांना लागून राहतात. तिथे गाभा क्षेत्राची रेघ कामाची नाही. ज्याचं जनावर गेलं, ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्या हातात भरपाई किती लवकर पडते, यावर वाघाचा जीव ठरतो. पन्नास वर्षं जंगलाने कायदा शिकवला. भरपाईचा हा धडा मात्र किनाऱ्याने आधी गिरवला आहे.