बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा आहार आणि परतणारे वजन

शस्त्रक्रियेचे स्वरूप

अतिस्थूलता कमी करण्यासाठी जठरावर व आतड्यांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. महाराष्ट्रात या उपचाराची मोठी चर्चा दोन प्रसंगी झाली: २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा, आणि २०१७ मध्ये इजिप्तमधील एका महिलेला मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले तेव्हा. दोन्ही वेळा लक्ष शस्त्रक्रियेवर आणि घटलेल्या किलोंवर होते. त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या आहाराबद्दल मात्र फारसे बोलले गेले नाही.

सर्वाधिक प्रचलित प्रकार दोन आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला १५ ते ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. अन्न आतड्यात लवकर पोहोचल्यामुळे तृप्तीची जाणीव देणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरके जेवणानंतर अधिक स्रवतात.

वजन का परतते

वजन साधारण १२ ते १८ महिने घटत राहते, नंतर स्थिरावते आणि बहुतेकांमध्ये थोडे वाढते. घटलेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते. ही घट केवळ शरीर लहान झाल्याने होते त्याहून काहीशी जास्त असते, कारण शरीर जुन्या वजनाकडे परतण्याची धडपड करते. भूक हळूहळू पूर्ववत होऊ लागते आणि नळीही काही प्रमाणात सैलावते. स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के कमी झाले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली होती. म्हणजे काही वाढ अपेक्षितच असते. तिला रुग्णाच्या निश्चयाचे अपयश मानणे शास्त्राला धरून नाही, आणि घरच्यांनी ताटावरून बोलत राहिल्याने खाणे कमी न होता चोरून होऊ लागते.

पहिले दोन महिने

सुरुवातीला पातळ द्रव, मग ताक, कढण, दूध यांसारखे दाट द्रव, त्यानंतर घोटलेले व मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण असा क्रम असतो. टाके भरून येण्यासाठी तो आवश्यक असतो. याच काळात मऊ अन्न सुखाने उतरते याची सवय लागते, आणि पुढील अडचणीचे बीज बहुधा येथेच पडते.

प्रथिनांना अग्रक्रम

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घेण्याचा सल्ला दिला जातो. ती अपुरी पडल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू झिजले की ऊर्जेचा खर्च आणखी घटतो. शाकाहारी मराठी जेवणातून हे प्रमाण गाठणे सोपे नाही. पाव लिटर दुधातून सुमारे ८ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅमच्या आसपास आणि ३० ग्रॅम कोरड्या मूगडाळीतून जेमतेम ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. पातळ वरणाच्या वाटीत डाळ त्याहूनही कमी असते. म्हणून ताटातील क्रम उलटावा लागतो: आधी उसळ, पिठले, पनीर, अंडे किंवा मासा, मग भाजी आणि जागा उरल्यास भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा. ठाण्याच्या आगरी-कोळी घरांत मासे रोजच्या जेवणातले असल्याने तेथे ही अडचण कमी असते. मात्र मासा तळलेला नसावा आणि भाताचा ढीग बाजूला राहावा.

मऊ आणि कुरकुरीत पदार्थांची पळवाट

लहान जठर घन आणि तंतुमय अन्नाला चांगले अडवते. चार घास उसळ-भाकरी खाल्ली की छातीच्या हाडाखाली दाटल्यासारखे होते आणि हात थांबतो. शिकरण, आमरस, श्रीखंड किंवा चहात बुडवलेले बिस्कीट मात्र नळीतून लवकर पुढे सरकते. शेव, चिवडा, वेफर्स चावताना कुरकुरीत लागतात, पण तोंडात विरघळून त्यांचा लगदा होतो आणि तेही तसेच पुढे जातात. त्यामुळे भरल्याची जाणीव न होता ऊर्जा पोहोचत राहते. दिवसभरात मूठमूठ करून ५० ग्रॅम शेव खाल्ली तरी २५० हून अधिक किलोकॅलरी होतात. जेवण लहान, पण दिवसभराची बेरीज मोठी, अशी स्थिती त्यातून निर्माण होते. वजन परत वाढलेल्या रुग्णाचे ताट पाहिल्यास ते बहुधा लहानच दिसते. दोन जेवणांच्या मधली वेळ तपासली की कारण सापडते.

ठाण्यातील वर्तकनगरसारख्या वस्तीत ही मधली वेळ कशी भरते ते पाहण्यासारखे आहे. म्हाडाच्या वसाहतीभोवती वाढलेल्या या भागातून कोणी वागळे इस्टेटला, कोणी रिक्षा किंवा बसने ठाणे स्थानकात येऊन लोकलने मुंबईला जातो. सकाळचा नाश्ता घाईत उरकतो, दुपारचा डबा दहा मिनिटांत संपतो आणि संध्याकाळी परतताना वडापावची गाडी वाटेतच असते. वडापाव पूर्ण खाता येत नाही, म्हणून अर्धा आता आणि अर्धा घरी पोहोचल्यावर खाल्ला जातो. यात कोणाचाही हावरेपणा नसतो. लांबलेला दिवस आणि वेळेवर न मिळालेले जेवण यांचा तो परिणाम असतो. म्हणून उपायही वेळापत्रकातच आहे. तीन ठरलेली जेवणे आणि गरज भासल्यास एक ठरलेला अल्पाहार. प्रत्येक जेवणाला २० ते ३० मिनिटे. आणि निघण्याच्या वेळेआधी, साडेचार-पाचच्या सुमारास, डब्यातून आणलेले उकडलेले अंडे, भाजलेले चणे किंवा पनीरचे तुकडे. हे खाल्लेले असेल तर स्थानकाबाहेरच्या तळणीच्या वासाची ओढ बरीच कमी होते.

पाणी, चहा आणि मद्य

जेवताना पाणी प्यायल्यास अन्न पातळ होऊन लवकर पुढे सरकते आणि पुन्हा जागा होते, असे मानले जाते. लहान जठराला एकाच वेळी दोन्ही सोसतही नाहीत. म्हणून जेवताना आणि त्यानंतर सुमारे अर्धा तास पाणी टाळण्याची प्रथा आहे. उरलेल्या वेळात घोटघोट पाणी पीत राहणे तितकेच गरजेचे असते, अन्यथा ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात पाण्याची कमतरता लवकर निर्माण होते. साखरेचा चहा दिवसातून चार-पाच वेळा झाल्यास केवळ साखरेतूनच १०० किलोकॅलरींची भर पडू शकते. बायपासनंतर गोड पदार्थांनी अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, किंवा एक ते तीन तासांनी रक्तशर्करा घसरून अशक्तपणा येऊ शकतो. याला डम्पिंग म्हणतात. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि अधिक प्रमाणात चढते. काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षापासून मद्याचे व्यसन वाढल्याचे आढळले आहे, म्हणून याविषयी कुटुंबात मोकळेपणाने बोललेले बरे.

उपवासाचे दिवस

संकष्टी, श्रावण, नवरात्र यांतील फराळ या रुग्णांसाठी सर्वांत विसंगत आहार ठरतो. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतात आणि १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात. खिचडीत तूप, बटाटा आणि दाण्याचे कूट मिसळते. दूध, दही, पनीर आणि थोडे शेंगदाणे यांवर उपवास निभावता येतो. दिवसभर निर्जळ राहणे मात्र पहिल्या वर्षात तरी टाळावे.

पूरक जीवनसत्त्वे

लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आजन्म घ्याव्या लागतात. वजन नीट घटले म्हणून त्या बंद करणे ही वारंवार घडणारी आणि घातक चूक आहे. सतत उलट्या होत असल्यास बी-१ची कमतरता होऊन मेंदूला व नसांना इजा होऊ शकते. अशा वेळी घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

चालणे आणि स्नायू

व्यायामाने वजन घटण्यापेक्षा घटलेले वजन टिकण्यास अधिक मदत होते. वर्तकनगरकरांना उपवन तलावाचा परिसर जवळ आहे आणि पलीकडे येऊरचा चढ आहे. नुसते चालणे पुरेसे नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे किंवा उठबशांसारखे व्यायाम केल्यास स्नायू राखले जातात. पहिल्या काही आठवड्यांत जड वजन उचलण्यास मात्र शल्यचिकित्सक मनाई करतात.

वाढ दिसू लागल्यावर

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी वजन करून लिहून ठेवल्यास वाढ दोन-तीन किलोंवर असतानाच लक्षात येते. पहिले काम एका आठवड्याची खाण्याची नोंद ठेवणे: पदार्थ, वेळ आणि त्या वेळी खरोखर भूक होती का. झोप, नैराश्य आणि थायरॉइडचे विकार तसेच काही औषधे, उदाहरणार्थ स्टिरॉइड, यांचाही तपास होतो. रचनेत दोष वाटल्यास दुर्बिणीने जठर पाहतात. सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही औषधे २०२५ मध्ये वजन घटवण्यासाठी भारतीय बाजारात आली. शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या वजनासाठीही डॉक्टर ती देऊ लागले आहेत, मात्र ती थांबवल्यावर वजन पुन्हा वाढू शकते आणि बाजारात आली तेव्हा त्यांचा मासिक खर्च मध्यमवर्गीय घराला जड जाणारा होता. स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करण्याची दुसरी शस्त्रक्रिया शक्य असली, तरी तिचा धोका पहिलीपेक्षा अधिक असतो. त्यामुळे आहाराची नोंद, रक्ततपासणी आणि आहारतज्ज्ञांबरोबर काही महिन्यांचे काम झाल्यानंतरच तिचा विचार केला जातो.