गुप्त ग्राहकाची मजुरी परवडते का?

शेतकरी बंधुभगिनींनो, शहरातल्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जायचे, सेवा कशी मिळते ते पाहून कंपनीला गुपचूप कळवायचे, असे काम हल्ली तरुणांना मिळते. काम खरे आहे. पण पिकाचा मांडता तसा याचाही हिशेब मांडा.

समजा, मेहनताना २०० रुपये. एस.टी.ला ८०, चहापाण्याला २० गेले, उरले १००. जाणे-येणे, पाहणी आणि अहवाल यांत पाच तास मोडले, तर तासाला २० रुपयेच पडले! अहवाल नापसंत झाल्यास तेही बुडू शकतात.

बाजाराला जाणारच असाल तर जाता जाता जरूर करा. त्यासाठी मुद्दाम खेप घालू नका. आणि कामाआधी पैसे भरायला सांगणाऱ्याला थारा देऊ नका. फसगत झालीच, तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.