कोयत्याचा जमाखर्च

दसरा-दिवाळीच्या सुमाराला चिकोडी, रायबाग, हुक्केरीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसायला लागतात. वर माणसं, भांडी, अंथरुणं. ही बीडकडची ऊसतोड मंडळी. १ नोव्हेंबर १९५६ ला बीड हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलं आणि त्याच दिवशी आपलं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरला जोडलं गेलं. राज्यं बदलली, पण मधली सीमा राहिलीच. ती ओलांडून ही माणसं दर हंगामाला येतात.

मी मूळचा इंजिनीअर. आत काय आलं, बाहेर काय गेलं, हे मांडून बघायची सवय जात नाही. साधारण समज असा, की मजूर मजुरीच्या मागे जातो, पैसा गावी नेतो आणि दोन भागांतली दरी कमी होते. ऊसतोडीत हे गणित उलटं बसतं, त्याचं कारण 'उचल'.

बालाघाटच्या पट्ट्यात पाऊस कमी, पाटाचं पाणी थोडं. पेरणी, लग्न, दवाखाना यांसाठी पैसा लागतो तेव्हा मुकादम उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल त्या कोयत्यावर. मजुरी टनावर, आणि ती आधी उचलीत वळती होते. म्हणजे कमाईच्या आधीच पैसा खर्च झालेला. विहीर खणायला, बांध घालायला उरतं किती? उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. स्थलांतर म्हणायला तात्पुरतं, पण पिढ्या त्यात जातात.

आपल्याकडे घटप्रभा-कृष्णेचं पाणी, त्यावर ऊस, उसावर कारखाना, कारखान्यामुळे बाजारपेठ. हे सगळं इथेच राहतं. मजुराचं बालपण, आजारपण, म्हातारपण मात्र बीडच्या खाती. मुलांची शाळा हंगामात सुटते. खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा बीडमध्ये सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली.

म्हणजे बीड माणसं पाठवतं आणि त्यांची झीजही सोसतं. मी तालुक्याचा इतिहास लिहिला, त्यात धरण आहे, ऊस आहे, कारखाना आहे. कोयता नाही. ती चूक माझी. पुढच्या आवृत्तीत पहिलं प्रकरण खोप्यांपासून सुरू करायचं ठरवलंय.